परिशिष्टातून वगळलेल्या दोन नोंदी

मी, रेव्हरंड शांतवन सहादेव पाटोळे, वय ८२, निवृत्त पाळक, राहणार अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे हृदय थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी स्वतःविषयी फार चांगले लिहिले होते.

१. राहते दोन खोल्यांचे घर व पुढील मोकळी जागा माझा मुलगा आशीर्वाद यास मिळावी. त्याची आई हयात नाही. दुसरा वारस नाही.

२. हिब्रू व ग्रीक कोश, जुनी अँग्लिकन प्रार्थनापुस्तके आणि माझ्या टिपणवह्या मंडळीच्या वाचनालयास द्याव्यात. पुण्यात मिळालेली शाल थंडीत ज्याला लागेल त्याला द्यावी. मानपत्र फाडून टाकावे. ते ज्या पुस्तकासाठी मिळाले, त्याविषयी पुढे लिहितो.

३. तिसगाव भागात मी एकोणीस वर्षे पाळक होतो. तिथल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या वाचून मी मंडळीचा इतिहास लिहिला. तो २००९ साली छापला. दगडाबाई साळवे यांच्या ओट्यावर बसून मी कित्येक दुपारी त्यांच्या घराण्याची हकिगत उतरवून घेतली. त्या भाकरी वाढायच्या आणि सांगायच्या, "लिवा, पाळकसाहेब. आमची नावं कोन लिवनार हुतं?"

पुस्तकाच्या शेवटी मी परिशिष्ट जोडले: कोणत्या घराचा मूळपुरुष कोणत्या साली ख्रिस्ती झाला, वडिलांच्या नावासह. ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. म्हणून आमच्या पुष्कळ घरांत कागदावर हिंदू महार आणि रविवारी चर्च, अशी रीत पडलेली आहे. हे मला पक्के ठाऊक होते. तरीही छापले. अचूकपणाचा मला गर्व होता.

दगडाबाईंची नात रेश्मा राखीव जागेवर शिक्षिका झाली होती. प्रतीक्षा यादीतल्या रंगनाथ नावाच्या उमेदवाराने माझे पुस्तक जोडून तक्रार केली. जात पडताळणी समितीने मला मूळ नोंदवहीसह बोलावले. आदल्या दिवशी दगडाबाई एसटीने माझ्याकडे आल्या. दारातच म्हणाल्या, "त्येवढं एक पान वाचता येत न्हाई म्हना. वाळवीनं खाल्लंय म्हना. पोरीची नोकरी ऱ्हाईल."

मी म्हणालो, "दगडाबाई, मी देवाचा सेवक आहे. मला खोटे बोलता येणार नाही."

त्या दारातूनच वळल्या. चहाही न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी मी नोंद स्पष्ट आवाजात वाचून दाखवली. रेश्माची नोकरी गेली. दगडाबाई त्यानंतर तीन वर्षे जगल्या. निवृत्तीनंतरही तिसगावची उपासना मी घेत असे; रविवारी त्या मागच्या बाकावर बसत, पण माझ्या हातून प्रभुभोजन त्यांनी पुन्हा घेतले नाही.

४. आता जे कोणालाच माहीत नाही ते. त्याच नोंदवहीत, दोन पाने पुढे, माझ्या आजोबांची व त्यांच्या भावाची नोंद आहे. ती अक्षरे ठळक आहेत. माझा मुलगा रेश्मासारख्याच जातीच्या दाखल्यावर सरकारी नोकरीत होता. म्हणून मी त्या दोन नोंदी गाळल्या आणि खाली टीप दिली: "वाळवी लागल्याने दोन नोंदी वाचता आल्या नाहीत." दगडाबाईंनी माझ्याकडे जे खोटे मागितले, ते मी तीन वर्षे आधी माझ्या घरासाठी छापून बसलो होतो. दारात उभा राहून त्यांना उत्तर देताना मला ते आठवत होते.

५. रंगनाथवर मी वर्षानुवर्षे राग धरला. तो मागे घेतो. त्याने फक्त पुस्तक उघडले होते.

६. पुस्तकाच्या शिल्लक प्रती जाळू नयेत. परिशिष्ट काढून टाकावे आणि त्या जागी कलम ३ व ४ छापून चिकटवावे. माझ्या थडग्यावर 'संशोधक' हा शब्द घालू नये.

७. आशीर्वाद मे महिन्यात निवृत्त झाला. हे लिहिण्याआधी मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "पेन्शन गेली तर जाऊ द्या, बाबा. लिहा." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. त्याचा दोष नाही.

८. गेल्या महिन्यात मी सुप्याला गेलो. रेश्मा तिथे एका कारखान्यात कंत्राटावर पॅकिंगचे काम करते. पाळी सुटल्यावर ती गेटबाहेर आली. मी तिला सर्व सांगितले आणि घराचा अर्धा हिस्सा तिच्या नावे करतो म्हणालो.

"घर नको," ती म्हणाली. "घर दिलं की लोक म्हणतील, पोरीनं तोंड बंद ठेवायला घर घेतलं."

"मग मृत्युपत्रात खरे काय ते लिहून ठेवतो. मी गेल्यावर मंडळीत वाचतील."

"मेल्यावर कशाला, पाळकसाहेब? माझी आज्जी त्या बाकावर बसायची तेव्हा तुम्ही जिवंतच होता की."

वकील म्हणतात, पुढचे वाक्य मृत्युपत्रात बसत नाही. तरी ते ठेवावे. कलम ३ व ४ माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाहीत. येत्या रविवारी, १६ नोव्हेंबरला, तिसगावच्या उपासनेत मी ती स्वतः उभा राहून वाचीन. रेश्माला निरोप धाडला आहे. ती येईल की नाही, तिने कळवलेले नाही. ती आली नाही तरी मी वाचीन.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

(सही) शांतवन सहादेव पाटोळे

साक्षीदार:
१. डॉ. माधुरी कल्याण ओहोळ, अहिल्यानगर (सही)
२. सोपान गोरक्ष कांबळे, शेजारी, निवृत्त पोस्टमन (सही)

स्थळ: अहिल्यानगर
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५