तिजोरीची पाठ कुलसुमबीच्या घरात

मु. माकणी
अश्विन वद्य तृतीया, फसली १३५५

चिरंजीव जावईबापू हिंमतराव यांना बब्रुवानचा रामराम आन् आशीर्वाद. तुमची तब्येत बरी असंल, आमच्या लेकीची, नागूची बरी असंल, व्याहीबुवांचा दमा हैद्राबादच्या हवेत दबून असंल. आमी इकडं खुशाल. अक्षराला हसू नका. माझी शाळा चौथीपतोर, तीबी मास्तर उर्दूत मारायचा आन् मी मराठीत रडायचो, त्यामुळं दोन्ही कच्च्या राहिल्या.

आधीच सांगतो की सगळं बरं झालं. म्हंजे तुमी वाचता वाचता मधीच उठून बसायचं न्हाय.

तर घट बसले त्या दिवशी तुमी जेवून निघाला. निघताना आमच्या तिजोरीचं दार नुसतं लोटलेलं दिसलं, म्हणून तुमी ते दाबून लावलं आन् चारी पितळी चकत्या गरागरा फिरवल्या. तुमचं काय चुकलं न्हाय. (हे वाक्य तुमच्या सासूबाईंनी घालायला लावलंय.) त्या तर गाडी वेशीबाहेर जाईपतोर कौतुक करत हुत्या, "पोरगा किती टापटीप बघा, जाता जाता तिजोरीबी लावून गेला!" माझ्या हातातला अडकित्ताच खाली पडला.

गोष्ट अशी की ती तिजोरी उघडायचा आकडा कुणालाच ठाऊक न्हाय. सास्तूरच्या महालिंगप्पानं दुकान मोडलं तवा त्यानं ती दिली, ती याच बोलीवर, की दार लोटायचं, चकत्या जुळलेल्या हाईत त्यांला हात लावायचा न्हाय. आकडा त्याचा बा मरताना संगट घेऊन गेला. मला कुठं सोनं ठेवायचं हुतं? उंदराचा दात लागू नये म्हणून लोखंड पायजे हुतं. आत शाळूचं बियाणं हुतं आन् वरच्या फळीवर लोणच्याची बरणी.

आता बियाणं म्हंजे काय हे तुमच्या हपिसात कळायचं न्हाय. (रेल्वेला पेरावं लागत न्हाय.) औंदा सरकारी लेव्हीवाल्यांनी धान्यासाठी गावच्या कणग्या झाडून नेल्या, कुणाकडं उसनं बी मागावं तर त्याच्याच डोळ्यांत पाणी. हस्त लई चांगला बरसला, रान वापशावर, म्हंजे पेरायजोगं, आलं, आन् वापसा काय पाव्हण्यासारखा आग्रह केला म्हणून थांबत न्हाय. चार उनं पडली की रान दगड. बी आत, मी बाहेर, आन् सगळं वरीस हातचं जायची पाळी.

तिजोरी आडवी पाडून फोडावी म्हणलं, तर तिच्यावर घट! देवळीचे पोपडे सुटले म्हणून तुमच्या सासूबाईंनी औंदा घट तिजोरीवर मांडलेला. एकदा बसलेला घट दसऱ्यापतोर हलवायचा न्हाय, त्याला धक्का लावायचा न्हाय. मी म्हणलं, देवीला कळतंय की, घटातबी शेवटी बीच पेरलंय. त्या म्हणाल्या, "मग तेवढं तरी नीट उगवू द्या." तुमाला तार करून आकडा इचारावा म्हणलं, तर म्हणाल्या, "तार दिसली की नागू आधी गळा काढंल, मग वाचंल. आन् जावयाची चूक जावयाला कळवायची? आपल्या घरात ती रीत न्हाय." झालं. मग उमरग्याहून चाँदपाशा कुलूपवाल्याला आणला.

आला तो अत्तर लावून. आधी पाणी मागितलं, मग बसायला गादी, मग म्हणला सगळ्यांनी श्वास धरा. तिजोरीला कान लावून चकती जराशी फिरवायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. मला असला थाट बघवत न्हाय. नाडी बघावी तर जित्या माणसाची. लई वेळानं मी इचारलं, काय म्हणती? तर म्हणतो, "बोलरई मालक, बराबर बोलरई. पन नंबर नै बोलरई."

म्या त्याच्या पेटीतला हातोडा उचलला आन् दाराला एक दणका दिला. घट डुगडुगला. तुमच्या सासूबाईंनी माझा हात असा आवळला की लग्नातबी कधी असा धरला न्हवता. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची कुलसुमबी वरडली, "दादा, ठोकायचं ते तुमच्या घरात ठोका की! माझ्या फळीवरच्या थाळ्या कामून पाडताव?"

तिथंच माझं डोस्कं चाललं. थाळ्या तिच्या पडल्या, म्हंजे तिजोरीची पाठ तिच्या चुलीमागच्या भिंतीला टेकलेली. भिंत मातीची. आन् भिंतीवर कुठं घट बसलाय? तसाच तिच्या दारात गेलो आन् म्हणलं, बाई, तुझ्या घरातून मला माझं घर फोडायचंय. ती म्हणली, "बी हाय का आत?" व्हय म्हणलं. "मग थांबा, चूल इझवते." बस. गादी न्हाय, अत्तर न्हाय. माणूस असं असावं.

पहारीचा आवाज ऐकून पोलीस पाटील काठी घेऊन धावत आला. घर कुणाचं फुटतंय? माझं. फोडतंय कोण? मीच. फिर्याद हाय का? न्हाय. तवा तोबी बिचारा माती वडायला लागला.

आन् तिजोरीची पाठ म्हंजे निव्वळ पापड! पुढनं हत्तीलाबी न हलणारं लोखंड, मागं गंजका पत्रा. चाँदपाशानं छिन्नी टेकली ती मनगटासकट आत गेली. ("खुल गई!" म्हणून आरोळीबी त्यानंच ठोकली, आन् मजुरी पुरी घेतली.) इकडं तुमच्या सासूबाई दोन्ही हातांनी घट धरून हुत्या, घट तसूभर हलला न्हाय. बी कुलसुमबीच्या परातीत वतलं. किडा न्हाय, भुंगा न्हाय. म्या मूठभर हातात घेतलं, आन् खरं सांगतो हिंमतराव, कपाळाला लावलं. तिच्या चुलीपाशीच बसकण मारली. दुसऱ्या दिवशी उजाडायला तिफण रानात. कुलसुमबीच्या रानाच्या पट्टीतबी आपलंच बी पडलं. काल बघून आलो, काकऱ्यांत हिरव्या रेघा दिसायलीत. आता रातच्याला झोप लागायली.

तुमाला लाज वाटावी म्हणून हे लिवलं न्हाय. दिवाळीला नागूला घेऊन जरूर या. फकस्त आमच्या घरात काय लोटलेलं दिसलं तर लोटलेलंच राहू द्या.

तुमचा,
बब्रुवान

ता. क. खरं काम लिवायचं राहिलंच. तिजोरीचं दार अजून बंदच हाय. (आतून उघडावं तर कळ सगळी दाराच्या पोटात.) म्हंजे माझी तिजोरी आता कुलसुमबीच्या घरातून उघडती! लोणचं पायजे असलं की तुमच्या सासूबाई गल्लीला वळसा घालून तिच्याकडं जातात, आन् दोघी बोलत बसल्या की इकडं माझी भाकरी वाळून जाती. तुमी चकत्या फिरवल्या त्याच्या आधीचा आकडा आमी कधी टिपला न्हाय, पण तुमच्या नजरंखालून गेलाच असंल. निम्मा जरी आठवला तरी उलट टपाली कळवा.

आणखी एक. पत्र बंद करायच्या आधी तुमच्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणतात, आकडा आठवत असला तरी आठवू नका. भिंतीपलीकडून कुलसुमबीबी म्हणली, "व्हय, तसंच लिवा."