केशरी खूण

१२ जून २००७, केज
तीन महिने झाले, नेट कॅफेत जातो. लेकीचं, अपेक्षाचं, ब्लॉगचं पान उघडतो. बहुतेक जुनंच असतं. परत येतो.

कॅफे रविचा. माझा जुना विद्यार्थी. आज म्हणाला, "सर, रोज कशाला हुडकता? फीड लावा की."

पानावर केशरी खूण असते. ती दाबून पानाचा पत्ता एकदा 'रीडर'मध्ये टाकायचा. मग लेकीनं नवं लिहिलं की ते आपोआप इथं येऊन पडतं — ठळक अक्षरात. वाचलं की अक्षर बारीक होतं. पेपरवाल्याला घर दाखवून ठेवावं, तसं.

"वर्गणी?"
"फुकट हाय, सर."
"तिला कळेल?"
"नाव न्हाई कळत. नुसता आकडा दिसतो."

लावलं.

१३ जून
ठळक काही नाही.

१९ जून
तिच्या पानाच्या कोपऱ्यात पाटी आलीय. वाचक १. खाली तिचा प्रश्न — कोण आहात?

तिनं पुण्यात आपलं आपण लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. या घरात तिचं नाव निघणार नाही, असं मी म्हणालो होतो. बायको, बसम्मा, स्वयंपाकघरात गेली. माझं ताट वाढलं. अजून वाढते.

उत्तर दिलं नाही.

२ जुलै
ठळक अक्षर आलं. शेंगोळे रश्श्यात फुटतात म्हणे. आई पिठात काय घालायची ते आठवत नाही. विचारायची सोय नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यातून काढावा असा एकही शब्द नाही.

मलाही माहीत नाही, काय घालतात. पस्तीस वर्षं खातोय.

५ जुलै
वाचक २!
"दुसरा कोण रे?"
"मशीनचं काय खरं धरता, सर." रवि पडदा पुसत राहिला. तो स्वच्छच होता.

जावई असेल. — जावई! हा शब्द पहिल्यांदा लिहिला.

८ जुलै
जेवताना बसम्माला विचारलं, शेंगोळ्यात काय घालतेस? कुणाचं नाव घेतलं नाही.

"मूठभर कणीक." तिनं भाकरी वाढली. "कळवलंय मी तिला. रविनं लिवून दिलं. एक वाचक मी, म्हणलं. आता दुसरा कोण, इचारती. काय सांगू?"