पहिला क्रमांक अद्याप पेन्सिलने

मी, अनिल श्यामराव गद्रे, वय वर्षे सत्त्याहत्तर, निवृत्त कस्टम्स अप्रेझर, राहणार बेहाला, कोलकाता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि मागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्रीसाठी आज सकाळी बेसबॉलमधल्या पहिल्या पन्नास फलंदाजांच्या सरासऱ्या तोंडपाठ म्हणून पाहिल्या. एकोणपन्नास बरोबर आल्या. पन्नासाव्याच्या वेळी कुकरची शिट्टी झाली, ती चूक माझी धरू नये. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करतो. पहिले रागाच्या भरात केले होते आणि दुसऱ्यात जावयाची स्तुती झाली होती.

कलम १. बेहाल्याचा फ्लॅट माझी पत्नी सौ. शोभा हिला मिळावा. त्यातल्या मागच्या खोलीला ती ‘अमेरिका’ म्हणते. मी गेल्यावर तिथे शिलाई मशीन ठेवायचा तिचा बेत आहे. तिने मापे घेऊन ठेवली आहेत, टेपचे दुसरे टोक मीच धरले होते. माझी हरकत नाही. चाळीस वर्षे तिने “तुमची अमेरिकेची माणसं जेवायला थांबणार आहेत का?” एवढेच विचारले आणि दर रविवारी दोन माणसांचे पोहे केले. याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हे तोंडावर सांगायला जमले नाही, म्हणून कायदेशीर कागदात सांगत आहे.

कलम २. बँकेतले जे काही आहे तेही शोभाचे, तिच्यामागे कन्या अनुजा हिचे. अनुजा इथेच वाढल्यामुळे तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून हे कलम मी मोठ्या अक्षरात लिहिले आहे. बाकीची कलमे तिने आईकडून वाचून घ्यावीत.

कलम ३. ग्रंथ. सन १९८३ मध्ये खिदिरपूरच्या गोदीत एक बेवारस खोका माझ्याकडे तपासणीला आला. आत अमेरिकन बेसबॉलच्या आकड्यांचा उशीएवढा जाड ग्रंथ होता. मालक फिरकला नाही आणि खोका रीतसर लिलावात निघाला. रद्दीवाल्यालाही तो नको होता, तेव्हा तो मी घेतला. बेसबॉलचा सामना मी तोवर पाहिलेला नव्हता. नंतर टीव्हीवर एक पाहिला आणि निम्म्यात झोपलो. मला खेळ आवडत नाही, आकडे आवडतात. शंभरावर वर्षे कोणीतरी प्रत्येक चेंडूची नोंद ठेवली, हे पाहून माझ्यातल्या सरकारी नोकराचा ऊर भरून आला. जगातला सर्वश्रेष्ठ बेसबॉलपटू कोण हे ठरवून दाखवायचे, असे मी त्याच आठवड्यात मनावर घेतले. सदर ग्रंथ अनुजाला द्यावा. तिने तो वाचला नाही तरी चालेल, पण दाराला टेकू म्हणून वापरू नये.

कलम ४. माझा कॅल्क्युलेटर, सहा इंची पट्टी व तांबड्या-निळ्या पेन्सिली शोभाकडे राहाव्यात. जावई चि. सौरभ यांना यातले काहीही देऊ नये. ते आयटीत आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले, मी कौतुकाने बेसबॉलपटूंच्या क्रमवारीची वही दाखवली, तर फोन पुढे करून म्हणाले, “बाबा, हे सगळं वेबसाइटवर तयार मिळतं.” तयार पुरणपोळीसुद्धा मिळते. तरी होळीला आले की ते शोभाच्या हातची खातातच ना? मी त्यांना क्षमा केली आहे, मात्र पेन्सिली द्यायच्या नाहीत.

कलम ५. या कलमात एक कबुली देतो. ग्रंथात प्रत्येक फलंदाजापुढे एक रकाना होता, तो मी सुरुवातीची सहा वर्षे कमाईत धरला. आमच्या खात्यात आकडा मोठा असला की वरिष्ठ खूश होत, त्यामुळे शंका आली नाही. तो रकाना फलंदाज किती वेळा चेंडू हुकवून बाद झाला याचा निघाला. म्हणजे सहा वर्षे माझ्या यादीत सगळ्यांत जास्त वेळा बाद झालेला गृहस्थ अग्रस्थानी विराजमान होता, आणि त्याच्या चिकाटीवर मी मराठी मंडळाच्या मेळाव्यात व्याख्यानही दिले होते. टाळ्या पडल्या. ज्यांनी त्या वाजवल्या त्यांची मी माफी मागतो.

कलम ६. ही चूक ज्याने पकडली तो माझा मित्र दिगंबर ओगले. बजबजच्या तेल डेपोतून निवृत्त, आजही तिथेच राहतो. दर रविवारी लोकलने माझेरहाटला उतरून तो माझ्याकडे येत असे. आम्ही मिळून ‘गद्रे गुणांक’ तयार केला. नाव माझे, कारण वही माझी. आमच्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे बदल आधी पेन्सिलने लिहायचा आणि दोघांच्या सह्या झाल्या की शाईने पक्का करायचा. फोटोत पोट सुटलेले दिसल्यास अर्धा गुण वजा, हा नियम माझा. त्यामुळे सातशे चौदा होमरन मारलेला बेब रूथ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. पहिला टाय कॉब, सरासरी .३६७. या कपातीविरुद्ध दिगंबरने अकरा वेळा लेखी हरकत घेतली, पण सही केली. खुद्द त्याचे पोट पाहता त्याला निःपक्ष म्हणता येत नव्हते.

आमचे खरे भांडण वेगळेच होते. अमेरिकेत काळ्या खेळाडूंना कित्येक वर्षे मोठ्या संघांत घेतच नसत. ते आपापल्या लीगमध्ये खेळत, आणि त्यांचे आकडे माझ्या ग्रंथात नव्हते. दिगंबर म्हणे, जॉश गिब्सनला मोज. मी म्हणे, दप्तरात नाही तो नाही. मग मे २०२४ मध्ये तिथल्या मोठ्या मंडळाने त्या लीगचे आकडे अधिकृत धरले आणि गिब्सन .३७२ वर, कॉबच्या पुढे गेला. त्या रविवारी दिगंबर हिवाळ्यातल्या नलेन (खजुराच्या) गुळाची संदेश मिठाई मिळाली नाही म्हणून साध्या संदेशाचा खोका घेऊन आला. मी त्याला पाणीसुद्धा न विचारता म्हणालो, “माझ्या वहीत अमेरिकेचा हुकूम चालत नाही.”

तो खोका टेबलावर ठेवून म्हणाला, “अन्या, तुझी सगळी नोकरी जहाजाच्या यादीत नसलेला माल शोधण्यात गेली ना रे? मग हा एवढा मोठा माणूस तुला कसा दिसला नाही?” आणि गेला.

संदेश मी एकट्याने दोन दिवसांत संपवले, रागाने. तो वीस महिने आला नाही. बेहाल्याला मेट्रो आलेली होती, त्याला प्रवासाची सबबही नव्हती, तरी आला नाही. मीही फोन केला नाही. गिब्सन वारला तेव्हा पस्तिशीचा होता, आणि मोठ्या संघांचे दार पहिल्या काळ्या खेळाडूसाठी उघडले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. हे मला ठाऊक होते. मला दिगंबरची आठवण येते, रविवारी फार येते.

कलम ७. सबब मी माझी चूक मान्य करून पहिल्या क्रमांकावर जॉश गिब्सन असे पेन्सिलने लिहिले आहे. दुसरी सही नसल्याने शाई देता येत नाही. वही माझ्यामागे अनुजाला मिळावी. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून दिगंबरला बोलवावे, म्हणजे तो निदान घरात तरी येईल. फोन शोभाने करावा.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी. दिगंबर आला. चष्मा पुसून सगळी कलमे त्याने वाचली, पोटाचा उल्लेख दोनदा. मग वही उघडून पहिले पान पाहिले आणि ओरडला, “गिब्सन पहिला? डोकं फिरलंय का तुझं? दोन हजारांच्या थोड्या वर फलंदाजीच्या पाळ्या त्याच्या, आणि कॉबच्या अकरा हजारांवर! मी मोज म्हणालो होतो, डोक्यावर बसव नाही. तिसरा ठेव.”

मी म्हणालो, “वीस महिने रुसून बसलास ते तिसऱ्या नंबरासाठी?”

“वीस महिने मी हिशेब करत होतो,” असे म्हणून त्याने पिशवीतून स्वतःची वही काढली. तीत पोटाची कपात नव्हती.

शोभाने पोहे आणले. मी साक्षीदाराची जागा दाखवून पेन पुढे केले, तर त्याने हात मागे घेतला. मागच्या मृत्युपत्राच्या वेळी आमचे वकील आम्हा दोघांना सांगून गेले होते की ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दिगंबर म्हणाला, “मग मी सही करत नाही. मला वही दे.”

“तू काय माझ्यापेक्षा जास्त जगणार आहेस?”

“अकरा महिन्यांनी लहान आहे तुझ्यापेक्षा. तेवढे पुरेत.”

कलम ७ मधले ‘अनुजाला’ खोडून ‘दिगंबर ओगले यास’ असे केले आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे. अनुजाला फोनवर विचारले, तिने “थँक गॉड” म्हणून संमती दिली. पहिल्या क्रमांकावरची पेन्सिल तूर्त पुसली असून जागा मोकळी आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे. निकाल लागायला बरीच वर्षे जातील असे दिसते, तेव्हा हे मृत्युपत्र अमलात आणण्याची मला घाई नाही आणि इतरांनीही करू नये.

लिहून ठेवणार: अनिल श्यामराव गद्रे (सही)

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १. डॉ. तपन सान्याल, होमिओपॅथ, तळमजला (सही, मजकूर मराठीत असल्याने समजला नाही, मात्र भांडण ऐकले)
साक्षीदार २. ~~दिगंबर ओगले, बजबज~~ सुरेश मंडल, इमारतीचे पहारेकरी (सही)

स्थळ: बेहाला, कोलकाता
रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६