टाचणी आणि अधांतरी गाडी

ता. ४ मार्च

चि. खटपटीबाईस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझी शाळा दुसरीपर्यंतची, म्हणून एकदा अक्षरं वाचते, मग अर्थ. तर तुझी गाडी रुळाला न टेकता धावते! डब्याचे हात रुळाखालून वळलेले, त्यांत विजेचे लोहचुंबक. ते वर रुळाकडे ओढले जातात नि डबा उचलला जातो. मधे करंगळीच्या नखाएवढी फट. मी लगेच शिवणकाम बाजूला सारून चुंबकाखाली टाचणी धरली. मेली एकतर पडते, नाहीतर टपकन चिकटते. खालून दोऱ्याने बांधली तर अधांतरी राहते, पण ती लबाडी. तुमचं यंत्र म्हणे सेकंदात हजारदा फट मोजून वीज कमीजास्त करतं. इतक्या भराभर तर तुझी आईसुद्धा मत बदलत नाही!

पण वळणावरच्या पुलावर गाडी थांबली की थरथरते, वीस तारखेची चाचणी शेवटची, ती फसली तर काम बंद, म्हणून हात टेकावेत असं लिहितेस? खबरदार. डबा दहादा उघडलास, काही सापडलं नाही, बरं. माझं शिवणयंत्र माळ्यावर नेलं तेव्हा असंच थडथडायचं. कारागिराने तीनदा खोललं. खाली आणलं तर गप्प. खोड माळ्याच्या फळ्यांची, शिव्या खाल्ल्या यंत्राने. असो, भरकटले. पहिल्या गाडीत खिडकीची जागा माझी. प्रवासाची पिशवी शिवून झाली.

मायेत फटीएवढंही अंतर नको.
तुझी आजी

ता. १२ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

फळ्या! आजी, आम्ही डबाच उघडत बसलो होतो. काल पुलाच्या तुळईवर मोजयंत्रं लावली. तेवढी एकच तुळई हलकी आहे. डबा फट सांभाळायला ओढतो, तुळई हलते, ती हलली म्हणून डबा आणखी ओढतो. आई नि आत्यासारखी दोघं एकमेकांना चढवतात. साहेबांनी विचारलं, आता शिवणयंत्राच्या सल्ल्याने गाडी चालवणार का. मी हो म्हटलं. तुळईला वजन जोडतोय, वीज सोडण्याचा तालही बदलतोय. आठ दिवस उरलेत. झोपेन नंतर.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर राहू दे.
तुझी खटपटी

ता. २३ मार्च

चि. खटपटीबाईस, आजीचे दुप्पट आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून नुसतं हं हं केलं. रागावली नाहीस ना? चाचणीत डबा पुलावर पंधरा मिनिटं उभा राहिला, नि पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही! गिऱ्हाइकाला सांगताना मी बाही उलटी जोडली. उसवली, पुन्हा जोडली.

पण अजून सतरा पूल तपासायचेत म्हणताना तुझा आवाज दमलेला वाटला. सतरा म्हणजे काय गं? एकेक टाका घालायचा. पिशवी दाराशी टांगलेलीच आहे.

टाचणी अजून अधांतरी राहत नाही. पण मीही हात खाली घेतलेला नाही.

तुझीच,
खिडकीवाली आजी