पंगतीतला माझा रोडगा

माय, परवा दादाच्या वावरात नवसाच्या रोडग्यांची पंगत होती, अन् मी पंगतीत बसली. हे तुलेच सांगावं वाटलं.

तू कधीच बसली नाही. जिथं जेवणाचं बोलावणं, तिथं तुझा उपास. बाया म्हणायच्या, अशी व्रताची बाई पाह्यली नाही. सणावाराला तुझ्या पाया पडायच्या. मी लहान होती तेव्हाचं आठवते. तू पंगतीत वाढतेस, हसतेस, अन् घरी येऊन चुलीपाशी शिळी भाकर चटणीसंग खातेस. पाणी तर घोट-घोटच. गोठ्यामागं तुराट्यांवर जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत असतात, वरून पोतं झाकलेलं. एकदा मी पोतं उचललं. "काऊन पाहून राह्यली वं तिकडं?" म्हणून तू अशी खेकसली, की मी पुन्हा त्या बाजूला गेली नाही.

धाकट्याच्या बाळंतपणापासून तेच माझ्या मागं लागलं. खोकला आला, हसू आलं, भाजीचं गाठोडं उचललं, की साडी ओली. पंगतीतून मधीच उठणं म्हणजे साऱ्या पंगतीचा अपमान, म्हणून मीबी उपास धरले. लोक म्हणाले, पोर मायवर गेली. लेकीनं शेगावातून डायपर आणले, तर मी तिच्यावर तुझ्यासारखीच खेकसली, मी काय तान्हं लेकरू हाय का म्हणून. ती म्हणाली, "मंग उपाशीच राहजो."

पुडा कितीतरी दिवस कोठीमागं पडून होता. मग घरातल्या घरात घालून पाह्यला. चालताना खसखस वाजते, साऱ्या गल्लीले ऐकू जाते, असं वाटे. लेकीले मागून चालायला लावलं, काही दिसते का पाह्य म्हटलं. मग गिरणीपर्यंत गेली. मग संग्रामपूरच्या बाजारात दिवसभर भाजी घेऊन बसली. गिऱ्हाईक भेंडी मोडून पाहत होतं, माझ्याकडं कोनाचं ध्यानच नाही. हायसं वाटलं, अन् रागबी आला. इतकी वर्षं उगाच उपाशी राह्यलो आपण दोघी.

परवा वहिनीनं नेहमीसारखी माझ्यासाठी बाजेवर केळी ठेवली. मी म्हटलं, "आज उपास नाही. भूक हाय." बाया पाहतच राह्यल्या. लिंबाखाली मांडी घातली, गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा रोडगा कुस्करला, वर वरण अन् तूप. वांग्याच्या भाजीनं ठसका लागला, अन् व्हायचं ते झालं. कोनाले काही कळलं नाही. मी जागची हलली नाही. पाणी मागितलं, अन् भर पंगतीत तांब्याभर पाणी प्याली.

उठताना एक म्हातारी म्हणाली, तुझी माय मोठी नेमाची, तिचा नेम मोडला तू. तुझा उपास कसला होता, ते सांगितलं नाही. पोतं मी झाकूनच ठेवलं.

तू देवाघरी गेली, तिथं हा कागद टाकायला टपालपेटी नाही, हे मलेबी समजते. पण एक सांगते. दुसरा रोडगा मी तुझ्या नावानं मागून घेतला, पानाच्या कडेला ठेवला, अन् मग तोबी मीच खाल्ला. लई भूक लागली होती वं माय.