बाईसाहेबांची मांडी

३ मार्च
ती. मामास,
सा. न. आणि बाईसाहेबांचा कान खाजवून वि. वि.

बाईसाहेबांची मांडी कुंपणात अडकून फाटली, हे आईकडून कळलं. महिनाअखेर घोडी नीट चालली नाही तर तुझ्या रायडिंग स्कूलचे मॅनेजर तिला इंजेक्शन देऊन संपवणार, हेही. खूप रडले. याच घोडीवर तू मला पहिल्यांदा बसवलंस आणि मी सगळ्या रायडिंग स्कूलला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं होतं.

पण मामा, ऐक ना. आमच्या लॅबमध्ये मी हेच बघते, उंदराचा स्नायू दुखावला की पुढे काय होतं ते. स्नायूच्या प्रत्येक धाग्याला चिकटून काही पेशी नुसत्या झोपलेल्या असतात. जखम झाली की आधी सफाईवाल्या पेशी मेलेला भाग खाऊन टाकतात. मग या झोपाळू उठतात, एकीच्या दोन होतात, एकमेकींत मिसळून नवा धागा बनवतात. काल तो मायक्रोस्कोपखाली पाहिला. जुन्या धाग्यात केंद्रकं कडेला असतात, यात अगदी मधोमध, ओळीने. मी जेवायचंच विसरले. घोड्यातही याच पेशी असतात! तिची काळजी कशी घेतोस ते लिही.

लोभ आहेच, अजून थोडा कर.
तुझी भाची

९ मार्च
चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या झोपाळू पेशी तुझ्यावरच गेल्यात, हलवल्याशिवाय उठायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, सूज उतरली की रोज थोडं चालवा. सूज उतरली, पण माझं मन धजत नाही. मी तिला जागची हलू देत नाही. गवत तोंडाशी, बादली तोंडाशी. धक्का लागू नये म्हणून भिंतींना गाद्या बांधल्यात. त्यातली एक तुझ्या मामीची, त्यामुळे घरात अबोला आहे. मांडीला मात्र हात लावला की खड्डा लागतो.

मामाचे आशीर्वाद

१३ मार्च
ती. मामास, सा. न.

रागावू नकोस, पण डॉक्टरांचं ऐक. नवे धागे ताण बसेल त्या दिशेने रचले जातात. ताणच नसेल तर ती जागा कडक व्रणाने भरते, आणि व्रण काही पाय उचलत नाही. तू तिला मायेने जखडून ठेवलंयस. बादली लांब ठेव. ती बरी होईलच असं मी सांगू शकत नाही. माझा उंदीर केवढा, त्याची जखम केवढी.

रागासकट लोभ असू दे.
तुझी भाची

३० मार्च
चि. भाचीस आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. मग डॉक्टरांना विचारून बादली दाराबाहेर ठेवली आणि पाठ फिरवून बसलो. बघवेना. बाईसाहेब आधी माझ्या नावाने खिंकाळल्या, मग लंगडत आल्या. रोज बादली थोडी पुढे नेली.

काल मॅनेजर आले. मी चालवून दाखवणार होतो, पण लगाम दोनदा उलटा अडकवला. त्यांनी लगाम घेतला. ती त्यांच्यामागून मैदानाला पूर्ण फेरी घालून आली. पाऊल जरा आखूड पडतं, ते तसंच राहील. अडथळ्यांवरच्या उड्या संपल्या. लहान पोरांना बसवायला राहू दे म्हणाले.

सगळे गेल्यावर तिच्या मांडीवर तळहात ठेवला. खड्डा भरत आलाय गं. भरीव, उबदार, आणि तिने पाय बदलला की हाताखाली सरकतं. मी जन्मभर सांगत आलो की मी घोडे बरे करतो. काल वाटलं, आत कुणाचं तरी काम चाललंय आणि मी दारात उभा आहे. हात काढला तोही हळूच.

तुझ्यावर माया आहेच.
मामा