कानबाईच्या रोटातली मुलींची मूठ

मी, तानुबाई जीवराम महाजन, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार पाचोरा, माझे डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर नाही असे चिरंजीव रतिलाल दिवाळी झाल्यापासून गावभर सांगतो आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर माझा, अक्षर वकीलसाहेबांचे. त्यांनी गाळायला सांगितलेले मी काहीही गाळू दिलेले नाही.

कलम १. स्टेशनामागचे कपाशीचे वावर माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. जादा जमीन सरकार काढून घेईल या सीलिंगच्या धास्तीने माझे सासरे तोतारामआबा यांनी ते माझ्या नावावर केले आणि तलाठ्याला हसत म्हणाले, "नाव बाईनं, पन वावर आपलंच शे." बाईच्या नावावर ठेवले म्हणजे खुंटीवर टांगले, हवे तेव्हा काढून घेऊ, असे त्यांना वाटले. काढायचे राहून गेले! ते वावर माझ्या पश्चात माझी सून मंदाबाई हिचे. रतिलालने ते मंदाच्या मर्जीने कसावे. तो कष्टाळू आहे, कपाशी छान आणतो. फक्त बायकोच्या पोटालाही आपले वावर समजतो.

कलम २. वरील कलमाचे कारण. श्रावणात कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, आमच्या घरी दरेक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू काढतात. देवी बाई, दळणारी बाई, मूठ मात्र पुरुषांची. गेल्या श्रावणात रतिलालने आपली मूठ काढली आणि न झालेल्या मुलाचीही काढली. त्याच्या दोन जित्याजागत्या मुली, कुंदा आणि बेबी, समोर सूप धरून बसल्या होत्या. मला असा संताप आला की कानबाईपुढे कसेबसे तोंड आवरले.

देवी बोळवून आलो तेव्हा मंदा रडत म्हणाली, "आत्याबाई, माले आते पोर नको. हाई आंग मनं शे का नही?" अंग तिचेच. दोन मुली झाल्या, त्यांच्या मागे दोन गर्भ गळाले, पोरीच्या अंगात रक्त उरले नव्हते. दिवाळी झाल्यावर मी तिला दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणले. तिथे नवऱ्याची सही मागितली. मी म्हटले, "नवऱ्याला मीच जन्म दिला, माझी घ्या." नर्सबाईंना हसू आवरेना, पण सही घेतली.

रतिलालला कळले तेव्हा त्याने ताट भिरकावले. "मी दुसरी बायको करसू!" मी सातबारा आणून त्याच्यापुढे ठेवला. म्हटले, "कर. पन तिले कोनता वावरवर पोसशी?" माझे डोके फिरले ते त्या दिवसापासून.

कलम ३. मुलगा व्हावा म्हणून माझी नणंद वच्छलाबाई हिने मंदाला बांधलेले ताईत मी जपून ठेवले आहेत. ते तिला परत द्यावेत. तिला चांगले चार मुलगे आहेत आणि ती जेवायला आमच्याकडे असते.

कलम ४. मागच्या दारची कोंदट खोली, जिथे महिन्याच्या दिवसांत आम्हा बायकांना बसवत, तिला मोठी खिडकी पाडून ती नातींना अभ्यासाला द्यावी. कुणालाही पुन्हा तिथे बसवू नये.

कलम ५. जाते, सूप आणि परात कुंदा व बेबी यांना. यापुढे रोटासाठी घरातल्या प्रत्येक माणसाची मूठ काढावी, बायका-मुली धरून. कानबाई कोपेल असे कोणी म्हटल्यास तिची समजूत मी वर जाऊन घालीन. रतिलालची मूठही काढावी. लेक आहे माझा, आणि आज गाडी जुंपून मला इथे त्यानेच आणले, तोंड फुगवून का होईना.

साक्षीला एखादा पुरुष घ्या, असे वकीलसाहेब सुचवत होते. मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

वकीलसाहेबांनी सगळे वाचून दाखवल्यावर माझ्याबरोबर आलेल्या कुंदाने विचारले, "आजी, तू कव्हय मरशी?" दाराशी बसलेला रतिलालही कान देऊन ऐकू लागला. दोघांच्या माहितीसाठी लिहून ठेवते: येत्या श्रावणात दोन्ही नातींच्या सव्वा-सव्वा मुठी मी माझ्या हाताने काढणार आहे आणि तो रोट पोटभर खाणार आहे. त्याआधी मरायला मला सवड नाही.

सही: तानुबाई जीवराम महाजन
साक्षीदार: १. भागाबाई लोटन महाजन (सही)
२. यशोदाबाई वना चौधरी (डाव्या हाताचा अंगठा)
पाचोरा, ता. २१ जानेवारी १९९१